फी माफ, पण आधी भरा

कॉलेजात शिकणाऱ्यांसाठी महाराष्ट्रात सरकारी योजना नाहीत, असे म्हणता येणार नाही. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. खुल्या प्रवर्गासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती आहे. तिला कॉलेजच्या ऑफिसात जुन्या सवयीने अजूनही ‘ईबीसी’च म्हणतात. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी स्वाधार आणि स्वयम् आहेत, आणि एवढ्याने भागले नाही तर बँकेचे शैक्षणिक कर्ज आहे. या योजनांवरचा वाद मात्र बहुतेक वेळा रकमेभोवतीच फिरतो: उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख असावी की आठ लाख, फी निम्मी माफ व्हावी की पूर्ण. रक्कम महत्त्वाची आहेच. पण गरीब घरातले मूल कॉलेजात टिकते की नाही, हे पैसे कधी हातात पडतात आणि कधी परत मागितले जातात यावर जास्त अवलंबून असते, असे मला वाटते. आपल्याकडे अनुदान उशिरा पोचते. कर्ज त्या मानाने वेळेवर मिळते, पण त्याची वसुली अवेळी सुरू होते. त्यामुळे चार-सहा महिने थांबण्याइतकी पुंजी असलेले घर योजनेचा पूर्ण लाभ घेते, आणि जिथे तेवढीही पुंजी नाही तिथे योजना असूनही सावकार किंवा पतसंस्था गाठावी लागते.

वेळेवर मिळालेल्या पैशाने काय होते, याचे मोठे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १९१३ साली सयाजीराव गायकवाडांनी डॉ. आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठासाठी शिष्यवृत्ती दिली: दरमहा साडेअकरा पौंड, तीन वर्षे. किती मिळणार आणि किती काळ मिळणार, हे न्यूयॉर्कला जाण्याआधीच ठरलेले होते. पुढे लंडनला शिकत असताना शिष्यवृत्तीची मुदत संपली, तेव्हा १९१७ मध्ये अभ्यास अर्ध्यावर टाकून त्यांना परतावे लागले. १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला जाऊ शकले ते स्वतःची बचत, शाहू महाराजांची मदत आणि एका मित्राकडून घेतलेले कर्ज यांच्या बळावर. इतक्या असामान्य विद्यार्थ्याचीही वाट पैसा थांबताच अडली. तेच आंबेडकर पुढे व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले. अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी त्यांनी तिथे सरकारकडे पैशाची मागणी लावून धरली, आणि १९४४ पासून चालत आलेली मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती त्याच काळातली आहे.

ही योजना आखली गेली तेव्हा बहुतेक कॉलेजे सरकारी किंवा अनुदानित होती आणि फी फार नव्हती. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना परवानगी दिली आणि चित्र बदलले. जागा वाढल्या, खेड्यापाड्यांतली मुले इंजिनिअर झाली, हे मान्यच करायला हवे. पण कॉलेजचा खर्च आता विद्यार्थ्याच्या फीतूनच निघू लागला, आणि ती फी सरकार भरणार असेल तर सरकारचा पैसा येईपर्यंत कॉलेजला पगार भागवण्याची चिंता लागली. म्हणून कॉलेज विद्यार्थ्याला सांगते, ‘आता भरा, स्कॉलरशिप आली की परत देऊ.’ जुलै २०२४ मध्ये राज्याने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण व परीक्षा फी निम्म्याऐवजी पूर्ण देण्याचा निर्णय घेतला. निर्णय चांगलाच आहे. मात्र सरकारचा पैसा कॉलेजकडे कोणत्या महिन्यात पोचतो, यावरच त्या माफीची खरी किंमत ठरते. तो लांबला की कॉलेज निकाल, गुणपत्रिका किंवा शाळा सोडल्याचा दाखला अडवून वसुलीचा मार्ग शोधते. मूळ कागदपत्रे अडवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावले आहे. पण पुढचा प्रवेश हातातून जाईल या भीतीने तक्रार करायला फारसे कोणी धजावत नाही.

फी हा खर्चाचा एकच भाग. मूल गावाबाहेर पडले की खोलीचे भाडे, मेस, प्रवास, पुस्तके सुरू होतात, आणि हे पैसे रोख आणि दरमहा लागतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या २०२१ च्या नियमांनुसार अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला फीशिवाय मिळणारा भत्ता वर्षाला २,५०० ते १३,५०० रुपये आहे. वरचा आकडा वसतिगृहात राहून व्यावसायिक पदवी घेणाऱ्याचा. दहा महिन्यांत वाटला तर तो महिन्याला १,३५० रुपये होतो. पुण्यात एवढ्यात दोन वेळची मेसही भागत नाही. स्वाधारमध्ये मोठ्या शहरासाठी वर्षाला ६० हजारांची तरतूद झाली, ती हे ओळखूनच. पण हीच रक्कम सत्राच्या शेवटी किंवा वर्ष उलटल्यावर आली, तर मधले महिने मुलाने काय खावे? मुलगा रात्रीची नोकरी धरतो, हजेरी कमी पडते, आणि हजेरी कमी म्हणून पुढचा हप्ता अडकतो. पुढे तो नापास झाला तर सरकारी नोंदीत तो ‘अनुत्तीर्ण’ म्हणूनच दिसतो. उशिरा आलेल्या हप्त्याचा उल्लेख तिथे कुठेच नसतो.

पैसे वेळेवर द्या म्हटले की पहिला आक्षेप येतो तो गैरव्यवहाराचा, आणि तो गंभीरपणे घ्यायलाच हवा. बोगस विद्यार्थी दाखवून शिष्यवृत्ती उचलल्याच्या तक्रारींवरून राज्याला विशेष तपास पथक नेमावे लागले होते. घाई केली तर पुन्हा तेच होईल, असे अधिकारी म्हणतात. पण ती लूट प्रामुख्याने संस्थांच्या पातळीवरची होती. आता आधारशी जोडलेल्या खात्यात थेट पैसे जातात आणि महाडीबीटी पोर्टलवर अर्ज कुठे प्रलंबित आहे ते दिसते, म्हणजे ओळख पटवण्याचे काम बरेचसे झालेले असते. उशीर होतो तो दरवर्षी तेच कागद नव्याने तपासण्यात. चार वर्षांच्या अभ्यासक्रमात चारपैकी तीन वेळा अर्ज नूतनीकरणाचा असतो. जात तीच, कॉलेज तेच, बदलू शकते फक्त उत्पन्न. अशा विद्यार्थ्याचा पहिला हप्ता सत्र सुरू होतानाच द्यावा, आणि तपासणीत तो अपात्र निघाला तर दुसरा रोखावा. यात सरकारचे नुकसान झालेच तर ते एका हप्त्यापुरते.

दुसरा आक्षेप तिजोरीचा. शैक्षणिक वर्ष पावसाळ्यात सुरू होते, निधी टप्प्याटप्प्याने सुटतो आणि खर्चाची घाई मार्चअखेर होते, ही अडचण खरी आहे. पण जुलैत किती मुले दुसऱ्या-तिसऱ्या वर्षात असतील, हे अर्थसंकल्प मांडतानाच ठाऊक असते. अमेरिकेत पेल ग्रँट ही गरजू विद्यार्थ्यांची सरकारी मदत ठरवताना दोन वर्षांपूर्वीचे करउत्पन्न धरतात. त्यामुळे कॉलेज निवडण्याआधीच विद्यार्थ्याला मदतीचा अंदाज मिळतो, आणि पैसे सत्रागणिक येतात. आपल्याकडे जूनमध्ये निकाल, प्रवेशफेरी आणि तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला हे सगळे एकाच वेळी अंगावर येते आणि सेतू केंद्रासमोर रांगा लागतात. बारावीच्या वर्षातच, हिवाळ्यात, आधीच्या वर्षाचे उत्पन्न धरून पात्रता ठरवता येणार नाही असे काही नाही. २०२१ च्या नियमांत तर फ्रीशिप कार्डाची सोय आहे: कार्ड असलेल्या मुलाला फी आधी न भरता प्रवेश मिळतो. केंद्र आणि राज्य यांनी ६०:४० या प्रमाणात भार उचलायचा, हेही ठरले आहे. उरते ते फक्त अंमलबजावणीचे काम.

कर्जाची गोष्ट उलटी आहे. चार लाखांपर्यंत तारण किंवा जामीनदार नको, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला सरकारी हमीचे पाठबळ आहे, आणि पैसे सत्रागणिक थेट कॉलेजला जातात. पण अभ्यासक्रम संपून एक वर्ष झाले की हप्ता सुरू होतो, नोकरी लागो न लागो. समजा दरवर्षी एक लाख असे चार लाख १० टक्के दराने घेतले. हप्ता सुरू होईपर्यंत सरळ व्याजानेच १ लाख ४० हजार चढतात, आणि दहा वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे ७,१०० रुपये पडतो. पहिल्या नोकरीत १६ हजार मिळवणाऱ्यासाठी हे जवळजवळ निम्मा पगार देण्यासारखे आहे. साडेचार लाखांच्या आतील उत्पन्नाच्या घराला शिक्षणाच्या काळातले व्याज केंद्र देते, पण मान्यताप्राप्त व्यावसायिक वा तांत्रिक अभ्यासक्रमांसाठी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना रँकिंगमध्ये वर असलेल्या (सुरुवातीला ८६०) संस्थांपुरती आहे. तालुक्याच्या कॉलेजात बीए किंवा बीएस्सी करणारी मुलगी या दोन्हींच्या बाहेर राहते.

ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून यावर वेगळी वाट काढली. तिथे कर्ज सरकारचे असते, वसुली करखात्यामार्फत होते, आणि उत्पन्न ठरावीक पातळीखाली असेल तर त्या वर्षी काहीच कापत नाहीत. आपल्याकडे हे चालणार नाही, कारण बहुतेकांचे उत्पन्न कराच्या नोंदीतच नसते, असे म्हटले जाते. हा आक्षेप वजनदार आहे. दुकानात किंवा शेतीत काम करणाऱ्या पदवीधराचे उत्पन्न कोण मोजणार? पण शैक्षणिक कर्जदारांपैकी ज्यांना पगारी नोकरी लागते त्यांची नोंद पॅन, टीडीएस किंवा भविष्यनिर्वाह निधीत असतेच. त्यांचा हप्ता पगाराच्या ठरावीक टक्क्यांत बांधून सुरुवात करता येईल. उरलेल्यांसाठी, नोकरी नसल्याचे दरवर्षी स्वयंघोषणापत्र देऊन वसुली पुढे ढकलण्याची सोय बँकांना सक्तीची करता येईल. काही जण खोटे लिहितील. पण आजच्या पद्धतीत नोकरीच न लागलेला मुलगा थकबाकीदार ठरतो आणि त्याचा सिबिल स्कोअर बिघडतो, आणि पुढे रिक्षा किंवा दुकानासाठीही त्याला कर्ज मिळत नाही.