शिडाच्या नौकेवरील ओढगळ मासेमारी : फ्रान्सच्या ग्र्वा बेटाच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : ओढगळ, शीडनौका, कुपा, ग्र्वा बेट, बिस्केचा उपसागर, निवडक मासेमारी

प्रस्तावना :

कोकण किनाऱ्यावर 'ट्रॉलिंग' हा शब्द उच्चारला की यांत्रिक नौकेने समुद्रतळालगत ओढले जाणारे पिशवीसारखे जाळे डोळ्यांसमोर उभे राहते. इंग्रजीत मात्र उच्चाराने जवळचे असे दोन वेगळे शब्द आहेत. एकाचा अर्थ जाळे ओढणे, तर दुसऱ्याचा अर्थ चालत्या नौकेमागे आमिष लावलेले गळ ओढणे. देवनागरीत लिहिताना हा भेद पुसला जातो आणि दोन्ही पद्धतींना 'ट्रॉलिंग' हेच नाव पडते. वास्तविक या दोन पद्धतींत साम्यापेक्षा विरोधच अधिक आहे. एक पद्धत मार्गात येईल ते सर्व गोळा करते, तर दुसरीत एका गळाला एका वेळी एकच मासा लागतो. हा गोंधळ टाळण्यासाठी प्रस्तुत लेखात पहिल्या पद्धतीस 'ओढजाळे' व दुसरीस 'ओढगळ' असे म्हटले आहे.

ओढगळ ही पद्धत यंत्रयुगापूर्वीची असून तिचा विकास शिडाच्या नौकेवर झाला. फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतातील ग्र्वा या लहानशा बेटाने ती व्यापारी प्रमाणावर नेली. इ. स. १८७० ते १९४० या सुमारे सात दशकांत हे बेट फ्रान्समधील कुपा माशाच्या मासेमारीचे प्रमुख बंदर होते. तेथील चर्चच्या मनोऱ्यावर वातकुक्कुटाच्या जागी आजही कुपा माशाची आकृती वाऱ्याबरोबर फिरते. शिडाच्या वेगावर अवलंबून असलेली ही पद्धत कशी चालत असे, तिच्या मर्यादांचा मासा व माणूस या दोघांवर काय परिणाम झाला आणि आजच्या मासेमारीच्या वादात तिचे स्थान काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

माशाचा स्वभाव आणि वेगाचे महत्त्व :

ग्र्वाचे मच्छीमार ज्या माशाच्या मागे जात तो अल्बाकोर जातीचा कुपा होय. फ्रेंच मच्छीमार त्यास 'जेर्मों' म्हणतात. कल्ल्यांमागील तलवारीसारखे लांब पर आणि फिकट, जवळजवळ पांढरे मांस ही त्याची ओळख. उन्हाळ्यात या जातीचे तरुण मासे अन्नाच्या शोधात ईशान्य अटलांटिककडे येतात आणि बिस्केच्या उपसागरापासून आयर्लंडच्या नैऋत्येपर्यंत पृष्ठभागाजवळ वावरतात. लहान मासे, कोळंबीवर्गीय जीव व माखलीसारखे प्राणी हे त्यांचे खाद्य.

कुपावर्गीय मासे पोहणे थांबवू शकत नाहीत. तोंड किंचित उघडे ठेवून सतत पुढे जात राहिल्यानेच त्यांच्या कल्ल्यांवरून पाणी वाहते व त्यांना प्राणवायू मिळतो. त्यांच्या स्नायूंचे तापमान सभोवतालच्या पाण्यापेक्षा अधिक राहते, त्यामुळे ते दीर्घकाळ वेगाने पोहू शकतात. ते प्रामुख्याने दृष्टीच्या साहाय्याने शिकार करतात. संथ आमिष त्यांना निरखता येते आणि त्यातील कृत्रिमपणा उघड होतो. तेच आमिष वेगाने निसटू लागले की पळणारे भक्ष्य समजून मासा त्यावर झडप घालतो. म्हणून ओढगळ पद्धतीत गळ, दोर व आमिष यांच्याइतकेच किंबहुना अधिक महत्त्व नौकेच्या वेगाला आहे. अल्बाकोरसाठी हा वेग साधारणपणे ५ ते ७ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ९ ते १३ किलोमीटर असावा लागतो. सुदैवाने मध्यम वाऱ्यावर चालणाऱ्या २० ते २५ मीटर लांबीच्या शीडनौकेचा स्वाभाविक वेगही हाच होय. माशाची आवड आणि शिडाचा वेग यांचा हा मेळ या व्यवसायाचा पाया ठरला.

नौका व साधने :

ग्र्वाच्या नौकांना 'डंडी' असे नाव होते. पुढे उंच व मागे आखूड अशा दोन डोलकाठ्या, खोल व निमुळता तळ आणि झाडाच्या सालीच्या अर्काने रंगवलेली तांबूस शिडे असे त्यांचे रूप असे. तांडेल, चार-पाच खलाशी आणि एक पोरसवदा मुलगा एवढ्या माणसांवर ही नौका चाले. विशेष म्हणजे हीच नौका हिवाळ्यात ओढजाळे ओढी आणि उन्हाळ्यात ओढगळ. येथे प्रारंभी सांगितलेल्या दोन्ही पद्धती एकाच फळीवर नांदत होत्या.

मुख्य डोलकाठीच्या दोन्ही बाजूंना एकेक लांब लाकडी वासा बांधलेला असे. त्यास 'तांगों' म्हणत. बंदरात हे दोन्ही वासे आकाशाकडे उभे राहत आणि मासेमारीच्या क्षेत्रात पोहोचल्यावर पंखांप्रमाणे पाण्यावर पसरले जात. प्रत्येक वाशावरून सहा-सात दोर सोडले जात, शिवाय नौकेच्या पाठीमागूनही काही दोर असत. वाशाच्या टोकाकडील दोर लांब व आतील आखूड ठेवीत, म्हणजे ते एकमेकांत गुंतत नसत. आमिष अगदी साधे असे. मक्याच्या कणसावरील वाळलेली पाती किंवा घोड्याचे केस दुहेरी गळाभोवती बांधले की काम भागे. पृष्ठभागावर उडत, फडफडत जाणारे हे पुंजके माशाला पळणाऱ्या भक्ष्यासारखे भासत. ताज्या आमिषाची गरज नसल्यामुळे खर्चही अल्प होई.

वाशाच्या टोकावरील दोरापर्यंत खलाशाचा हात पोहोचत नाही. ही अडचण सोडविण्यासाठी प्रत्येक मुख्य दोराला एक उपदोर बांधून त्याचे दुसरे टोक नौकेवर ठेवीत. मासा लागला की उपदोर ओढून मुख्य दोर काठाशी आणावयाचा आणि मग हाताने मासा वर घ्यावयाचा.

वाऱ्यावर चालणारी मासेमारी :

यांत्रिक नौकेत मासा लागताच यंत्राचा वेग कमी करता येतो. शीडनौकेला ही सोय नाही. ६ नॉट वेगाने जाणारी नौका एका मिनिटात सुमारे १८५ मीटर अंतर कापते, आणि तेवढ्याच एका मिनिटात खलाशाला आठ-दहा किलोचा, प्राणपणाने झगडणारा मासा वर ओढावयाचा असतो. पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग ४ नॉटवरून ६ नॉटवर गेला की दोरावरील ताण सव्वादोन पट होतो. अशा वेळी सुकाणूवरील माणूस नौकेचे नाक किंचित वाऱ्याकडे वळवी. शिडे थोडी सैल पडत, वेग क्षणभर उतरे आणि ओढणाऱ्याला उसंत मिळे. मात्र नाक अधिक वळले तर नौका थांबून सर्व आमिषे बुडत व थवा निघून जाई. म्हणून सुकाणू धरणारा हाही या पद्धतीत तेवढाच मच्छीमार असे.

वारा कोठून येतो यावरही बरेच अवलंबून होते. बाजूने किंवा तिरप्या मागून येणारा वारा सर्वांत सोयीचा, कारण त्यात नौका स्थिर चालते व दोन्ही बाजूंचे दोर मोकळे राहतात. वारा पडला तर आमिष निर्जीव होऊन खाली जाई आणि थवा समोर उसळत असला तरी हात चोळीत बसावे लागे. वारा वाढला तर शिडे कमी करून वेग आवाक्यात ठेवावा लागे आणि वादळात वासे उभे करून मासेमारीच थांबवावी लागे. पहाट व संध्याकाळचा संधिप्रकाश सर्वांत लाभदायक. थव्याचा माग पाण्याचा रंग आणि समुद्रपक्ष्यांची झुंबड यांवरून काढला जाई.

मासा हाती लागल्यावर दुसरी चिंता सुरू होई. नौकेवर बर्फ नसे. आतडी काढून, धुऊन मासे शेपटीकडून आडव्या दांड्यांना उघड्या हवेत टांगीत. दोन-तीन आठवड्यांच्या सफरीत कोरडा वारा असेल तर माल टिके. दमट, मेघगर्जनेची हवा पडली तर अनेक दिवसांचे श्रम समुद्रात फेकून द्यावे लागत. ज्या वाऱ्याने मासा मिळवून दिला त्याच वाऱ्याने तो टिकवावा, अशी ही परावलंबी व्यवस्था होती. किनाऱ्यावर डबाबंद माशांचे कारखाने वाट पाहत असत. त्या उद्योगाच्या मागणीमुळेच ग्र्वाच्या नौका वर्षानुवर्षे अधिकाधिक दूर जाऊ लागल्या.

मर्यादेची किंमत :

दूरच्या समुद्रात जाण्यासाठी केवळ अनुभव पुरेसा नव्हता. नकाशावाचन व दिशाशास्त्र यांचे शिक्षण आवश्यक होते. या जाणिवेतूनच १८९५ मध्ये ग्र्वा येथे फ्रान्समधील पहिली मासेमारी शाळा स्थापन झाली. तथापि शिक्षणाने वादळ टळत नाही. सप्टेंबर १९३० मध्ये हंगामाच्या अखेरीस दक्षिण ब्रिटनीच्या बंदरांतील नौका खुल्या अटलांटिकमध्ये असताना प्रचंड वादळ उठले. त्यात २७ नौका बुडाल्या आणि दोनशेहून अधिक खलाशी मृत्युमुखी पडले. यंत्र नाही, किनाऱ्याशी संपर्काचे साधन नाही, आणि आसऱ्याचे बंदर अनेक दिवसांच्या अंतरावर, अशी त्यांची अवस्था होती.

ही घटना केवळ शोककथा म्हणून पाहणे अपुरे ठरेल. शिडाच्या ओढगळीने माशांच्या साठ्यावर जो संयम आपोआप लादला होता, त्याची भरपाई माणसे जिवाची जोखीम पत्करून करीत होती. वारा पडल्यास मासेमारी बंद, वादळ आल्यास मासेमारी बंद, एका गळाला एकच मासा, हे सर्व नियम कोणी लिहिलेले नव्हते. ते साधनातच अंगभूत होते. परंतु कारखान्याची मागणी या नियमांना मानणारी नव्हती, आणि त्या दोहोंमधील अंतर खलाशाने भरून काढावयाचे होते.

१९३०च्या दशकात यंत्राचा प्रसार वाढला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर शीडनौकांचा व्यवसाय संपुष्टात आला. १९३४ मध्ये ले साब्ल दोलोन येथे बांधलेली 'बिश' ही ग्र्वाच्या डंडी नौकांपैकी शेवटची उरलेली नौका मानली जाते. दीर्घ जीर्णोद्धारानंतर २०१२ मध्ये ती पुन्हा पाण्यात उतरविण्यात आली.

यंत्रयुगातील ओढगळ व आधुनिक वाद :

शीड गेले तरी ओढगळ गेली नाही. स्पेनच्या उत्तर किनाऱ्यावरील मच्छीमार यांत्रिक नौकांवर लांब वासे लावून आजही याच पद्धतीने अल्बाकोर पकडतात. फ्रेंच मच्छीमारांनी मात्र १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात लांब तरंगती जाळी स्वीकारली. या जाळ्यांत कुपाबरोबर डॉल्फिन, शार्क इत्यादी प्राणीही अडकत. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १९९१ मध्ये ठराव करून खुल्या समुद्रातील मोठ्या तरंगत्या जाळ्यांचा वापर १९९२ अखेर स्थगित करण्याचे आवाहन केले आणि युरोपीय समुदायाने जाळ्याची लांबी अडीच किलोमीटरपर्यंत मर्यादित केली. तरीही १९९४च्या उन्हाळ्यात बिस्केच्या उपसागरात स्पेनचे गळ वापरणारे मच्छीमार आणि जाळी वापरणाऱ्या नौका यांच्यात उघड संघर्ष झाला. अखेर युरोपीय संघाने १९९८ मध्ये निर्णय घेऊन १ जानेवारी २००२ पासून कुपासाठी तरंगती जाळी बंद केली. त्यानंतर अनेक फ्रेंच व आयरिश नौका दोन नौकांनी मिळून ओढावयाच्या मध्यजली ओढजाळ्याकडे वळल्या. अशा रीतीने हिवाळ्यातील ओढजाळे उन्हाळ्यातील ओढगळीच्या क्षेत्रात शिरले.

ओढगळीचे गुणगान करताना एक बाब विसरता कामा नये. पृष्ठभागाजवळ गळाला लागणारे अल्बाकोर बहुतांशी तरुण, प्रजननक्षम वय न गाठलेले असतात. म्हणजे ही पद्धत अन्य जातींच्या जीवांना वाचवते, पण लक्ष्य असलेल्या जातीच्या वयोगटाबाबत ती निर्दोष नाही. पकडीचे एकूण प्रमाण ठरविणारे नियम तिलाही आवश्यकच आहेत.

निष्कर्ष :

१. ओढगळ व ओढजाळे या भिन्न पद्धती असून मराठी लेखनात त्यांच्यासाठी स्वतंत्र संज्ञा वापरणे आवश्यक आहे. एकीवरील आक्षेप दुसरीवर लादल्यास धोरणविषयक चर्चाच चुकीच्या पायावर उभी राहते.

२. शिडाच्या ओढगळीत नौकेचा वेग हेच मुख्य साधन होते. हा वेग वाऱ्याच्या स्वाधीन असल्यामुळे मासेमारीवर नैसर्गिक मर्यादा पडत असे.

३. ही मर्यादा माशांच्या दृष्टीने हितकारक, परंतु मच्छीमारांच्या दृष्टीने घातक ठरली. १९३०ची दुर्घटना याची साक्ष देते.

समारोप :

भारतातही लक्षद्वीपच्या समुद्रात कुपासाठी गळाच्या पद्धती प्रचलित आहेत आणि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जाळ्यांच्या प्रकारांवरून पारंपरिक व यांत्रिक मच्छीमारांत वाद होत आले आहेत. अशा वेळी 'जुने ते सोने' म्हणून शिडाकडे परतावे असे कोणी म्हणणार नाही, आणि ग्र्वाच्या खलाशांच्या वारसांनी तर ते म्हणावयाचे कारणच नाही. जो संयम पूर्वी वाऱ्याने लादला तो आता माणसाने नियमांद्वारे स्वतःवर घालून घ्यावा आणि त्याची किंमत नौकेवरील माणसाला जिवाने मोजावी लागू नये, एवढाच बोध ग्र्वा बेटाच्या इतिहासातून घेता येतो.