मावळातलं न्हाणं

लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तळेगावला येईतो तो निम्म्याहून कमी होतो. त्यामुळे केस कशाने धुवावेत यावर पुण्या-मुंबईत कितीही खल होवो, घाटमाथ्यावरच्या बाईचा प्रश्न वेगळा असतो: धुतलेले केस वाळणार कधी?

आषाढात भातलावणीला उतरलेली बाई इरलं घेऊन दिवसभर चिखलात वाकलेली असते. वडगावच्या संशोधन केंद्रातून 1987 मध्ये आलेल्या इंद्रायणी तांदळाने मावळ तालुक्याचं नाव झालं. तो लावणारीच्या अंबाड्याखालची ओल मात्र कुणाच्या गावी नसते. ओले केस तसेच बांधले की टाळू दमट राहते, कुबट वास येतो, खाज सुटते. जुन्या घरांत न्हाऊन झालं की बायका चुलीकडे पाठ करून केस मोकळे सोडत. बाळंतिणीला ओवा-वावडिंगाची धुरी मिळे. धुरीचे गुण गाणारे पुष्कळ आहेत. माझ्या मते खरं काम उबेचं होतं, धुराने डोळे तेवढे चुरचुरत. आता पंख्याखाली बसा किंवा ड्रायर कोमट हवेवर ठेवून लांबून फिरवा, पण मुळं कोरडी झाल्याशिवाय वेणी घालू नका. ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो, म्हणून आधी पंच्याने टिपायचा, खसाखसा चोळायचा नाही, आणि मग मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर सोडवत जायचं.

धुण्याचं साहित्य सह्याद्रीच्या रानातच होतं. शिकेकाईचा काटेरी वेल झाडांवर चढतो, त्याच्या वाळलेल्या शेंगा आणि रिठ्याची टरफलं उकळून पाणी गाळून घ्यायचं. दोन्हींत सॅपोनिन असतं, तेच फेस करतं आणि तेल सोडवतं. शिकेकाईचं पाणी किंचित आंबट आणि टाळूचा सामूही 5.5 च्या आसपास, म्हणजे आम्लाकडे झुकणारा. त्यामुळे दोघांचं जमतं. अंगाचा साबण अल्कधर्मी. त्यात बोअरचं जड पाणी असलं तर साबणाची चिकट साय केसांवर बसते आणि केस राठ होतात. पावसाचं मृदू पाणी याबाबतीत बरं. बाजारची शिकेकाई पूड मात्र गाळल्याशिवाय लावू नये, कण केसांत अडकून राहतात. रिठा डोळ्यांत गेलेला माणूस तर तो दिवस विसरत नाही.

मग पुडी आली. तमिळनाडूत 1983 मध्ये सुरू झालेल्या चिक शाम्पूने पुडीचा धंदा देशभर नेला आणि वाडीवरच्या किराणा दुकानाच्या दारातही पुड्यांच्या माळा लोंबू लागल्या. शाम्पूला उगाच शत्रू ठरवण्यात अर्थ नाही. तो टाळूला लावायचा. खाली ओघळणारा फेस लांबीला पुरतो. कंडिशनर उलट टोकांना. धुण्याला वार नसतो, टाळू सांगेल तेव्हा धुवावं. तळेगाव एमआयडीसीत हेल्मेट घालून जाणाऱ्या घामट पोराने एक दिवसाआड, हवं तर रोजही. लांब, कोरड्या केसांच्या बाईला आठवड्यातून एक-दोनदा पुरे. पाणी कोमट. कढत पाणी कमरेखाली बळ देतं, डोक्यावर घेतलं तर केसांचं आणि डोळ्यांचं बळ जातं, असं वाग्भटाने अष्टांगहृदयात सांगून ठेवलं आहे. लोणावळ्याच्या गारठ्यात हे पाळणं कठीण, हे मान्य.

तेलाबद्दल मात्र आपल्याकडे भक्तिभाव फार. मुंबईतल्या मॅरिको कंपनीच्या संशोधकांनी 2003 मध्ये खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल केसांवर लावून तुलना केली. केसांतली प्रथिनं वाहून जाणं खोबरेलानेच कमी केलं, कारण त्यातलं लॉरिक आम्ल केसाच्या आत शिरतं. कंपनी खोबरेल विकते, हेही ध्यानात असू द्या. तरी निष्कर्ष कामाचा आहे: तेल न्हाण्याआधी लावावं. त्याने केस उगवत नाहीत, असलेला केस सांभाळला जातो. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो आणि दिवसाला पन्नास-शंभर गळणं नेहमीचंच. कोंडा असेल तर तेल थापणं उलटच पडतं, कारण कोंड्यामागची मॅलॅसेझिया ही बुरशी तेलकट पदार्थांवरच जगते. त्यावर किटोकोनॅझोलचा शाम्पू आठवड्यातून दोनदा, तीन ते पाच मिनिटं ठेवून धुवायचा. हल्ली तांदळाच्या धोवणाचं कौतुक चालू आहे. इंद्रायणीच्या मुलखात धोवणाला तोटा नाही, पण त्याने केस वाढल्याचा भक्कम पुरावाही नाही. गुरांना पाजा.

दोन गोष्टी मात्र कळकळीने सांगायच्या आहेत. मुलांच्या उवांवर रॉकेल चोळण्याची खोड अजून पुरती गेलेली नाही. कातडी भाजते आणि जवळ चूल पेटलेली असली तर जिवावर बेतू शकतं. एक टक्का परमेथ्रिनचं औषध दहा मिनिटं लावून धुवायचं, आठवडा-दहा दिवसांनी पुन्हा लावायचं, आणि लिखा बारीक दातांच्या फणीने ओढून काढायच्या. दुसरं, शाळकरी मुलाच्या डोक्यावर केस तुटलेला, खवल्यांचा गोल चट्टा दिसला तर ती बहुधा गजकर्णाची बुरशी असते. तेल, शिकेकाई किंवा मलमाने ती जात नाही, पोटात औषध घ्यावं लागतं. जवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात दाखवा, आणि बरं होईपर्यंत त्याचा कंगवा, टोपी, टॉवेल घरात दुसऱ्या कुणाला वापरू देऊ नका.