गिअरबॉक्स विकताना ‘किती तगडा’ एवढंच सांगू नका!

गिअरबॉक्सच्या व्हिडिओत आकडे भरभर गेले, म्हणून इथे निवांत लिहितोय. ज्यांना गॅरेज किंवा जुन्या पार्ट्सचं दुकान टाकायचंय, त्यांनी वही-पेन घेऊनच बसा.

आधी माझी चूक सांगतो. दुकान नवीन होतं. एक काका जीप घेऊन आले. माल भरून कुंभार्ली घाट चढायचा, हा त्यांचा रोजचा धंदा. चार गिअरचा बॉक्स गेला होता. मी म्हटलं, “काका, पाच गिअरचा टाका, ओव्हरड्राइव्ह आहे, डिझेल वाचेल. आणि जुन्यापेक्षा तगडा आहे.” दोन महिन्यांत क्लच प्लेट जळली. बॉक्स खरंच तगडा होता, पण त्याचा पहिला गिअर जुन्यापेक्षा कमी ओढीचा होता. घाटात गाडी उचलायला काका प्रत्येक वेळी हाफ क्लच मारत होते. प्लेट आणि मजुरी माझ्या खिशातून गेली. काका एवढंच म्हणाले, “अरे, तू विचारलंच नाहीस मी कुठं चालवतो ते.”

रेशो म्हणजे काय?

पहिल्या गिअरचा रेशो 3.35 म्हणजे इंजिनचे 3.35 फेरे झाले की गिअरबॉक्समधून बाहेर एक फेरा येतो. वेग कमी होतो, ओढ तेवढ्याच पटीने वाढते. 1.00 म्हणजे सरळ. त्याच्याखाली गेलं की ओव्हरड्राइव्ह.

हिशोब करून बघा. टायर एका फेऱ्यात 2 मीटर जातो आणि क्राऊन-पिनियनचा रेशो 4 आहे असं धरा. ताशी 80 किलोमीटरला 1.00 च्या गिअरमध्ये इंजिन सुमारे 2670 आरपीएमवर असतं. 0.68 च्या ओव्हरड्राइव्हमध्ये तेच सुमारे 1810 वर येतं. आवाज कमी, झीज कमी, इंधनही कमी. पण ओढही कमी! म्हणून पाचवा गिअर सपाट हायवेसाठी, घाटासाठी नाही.

अमेरिकेतले बॉक्स समोर ठेवू

तिथे जुन्या गाड्यांत पाच गिअरचा बॉक्स बसवून देणं हा मोठा धंदा आहे, आणि बॉक्सचे आकडे उघड मिळतात. म्हणून शिकायला सोपं.

बोर्ग-वॉर्नरचा टी-5 1982 च्या सुमारास आला आणि फोर्ड मस्टँगमुळे घराघरात पोचला. व्ही-8 मस्टँगमधले त्याचे रेशो 3.35, 1.93, 1.29, 1.00, 0.68. सुरुवातीला ताकद 265 पाउंड-फूट, म्हणजे सुमारे 360 न्यूटन-मीटर. पुढे पहिला गिअर तोच ठेवून गिअरचं स्टील सुधारलं आणि आकडा 300 वर गेला. नंतरच्या झेड-स्पेकमध्ये पहिला गिअर 2.95 केला, ताकद 330.

पहिला गिअर 2.95 का? दोन शाफ्टमधलं अंतर ठरलेलं असतं, टी-5 मध्ये 77 मिलिमीटर. तेवढ्याच जागेत रेशो मोठा हवा तर खालच्या शाफ्टवरचा गिअर लहान करावा लागतो. गिअर लहान झाला की दातांवर जोर जास्त. म्हणजे जास्त ओढ आणि जास्त मजबुती एकाच मापाच्या डब्यात सहज मिळत नाही. सहा गिअरच्या टी-56 मध्ये हेच अंतर 85 मिलिमीटर आहे. तगडेपणा तिथून येतो.

आता ट्रेमेकचे दोन भाऊ बघा. टीकेओ-500 चा पहिला 3.27, पाचवा 0.68, ताकद 500. टीकेओ-600 चा पहिला 2.87, पाचवा 0.64 किंवा 0.82, ताकद 600. गिऱ्हाईक काय म्हणणार? “600 वालाच द्या!”

थांबा. पहिल्या गिअरची ओढ जवळजवळ 12 टक्के कमी झाली. ती भरून काढायला क्राऊन बदलावं लागेल. 3.27 ला 3.55 ने गुणलं तर 11.6 येतात. 2.87 ला 4.10 ने गुणलं तर 11.8. आता ओढ जुळली. पण पाचव्यात? 0.68 गुणिले 3.55 म्हणजे 2.41, आणि 0.64 गुणिले 4.10 म्हणजे 2.62. हायवेवर आरपीएम थोडे जास्तच. आणि चुकून 0.82 वाला दिला तर 3.36, म्हणजे 3.55 च्या क्राऊनवर चौथ्या गिअरमध्ये चालवल्यासारखंच. 0.82 हा रेस ट्रॅकवाल्यांसाठी ठीक. आरामात लांब फिरणाऱ्याला दिलात तर तो परत येईल, आणि हसत येणार नाही.

काउंटरवर विचारायचे चार प्रश्न

1. इंजिनचा टॉर्क किती? इंजिनमध्ये काही बदल केलाय का?
2. क्राऊनचा रेशो आणि टायरचं माप काय?
3. गाडी कुठे चालते? घाट, शेत, शहर की हायवे?
4. माल किती भरता? खरं वजन सांगा, कागदावरचं नको.

उत्तरं बिलाच्या मागे लिहा आणि गिऱ्हाइकाची सही घ्या. उद्या वाद झाला तर तुमच्याकडे कागद असेल. पण खरा फायदा वेगळाच आहे. लिहिता लिहिता तुम्हालाच कळतं की हा बॉक्स याला द्यायचा नाही.

“हा महाग आहे, पण तुमच्या कामाचा नाही,” हे वाक्य बोलायला जीभ जड होते. त्या दिवसाची विक्री जाते. पण ते काका आजही माझ्याकडेच येतात, कारण दुसऱ्या वेळी मी त्यांना स्वस्तातला चार गिअरचाच बॉक्स दिला.

आजचं काम: तुमच्या स्वतःच्या गाडीचा पहिला आणि शेवटचा रेशो शोधा, क्राऊनने गुणा आणि उत्तर कमेंटमध्ये टाका. भेटूया पुढच्या व्हिडिओत!