मेकॅनिकल डिप्लोमा : ड्रॉइंग, माप आणि हात

दहावीचा निकाल लागला की घरोघर एकच प्रश्न उभा राहतो – पुढे काय? मेकॅनिकल इंजिनिअरिंगचा डिप्लोमा हा त्याचा एक उत्तम पर्याय आहे. परंतु ‘पदवीपर्यंत जाणे जमणार नाही, म्हणून डिप्लोमा’ असा समज आजही रूढ आहे. आम्ही कला शाखेचे पदवीधर व बँकेतील लेखनिक. शैक्षणिक कर्जाच्या कागदपत्रांच्या निमित्ताने या शिक्षणाची जी माहिती आम्हास झाली, ती येथे मांडीत आहोत.

कारखान्यात अभियंता यंत्राचा भाग कागदावर आखतो आणि कारागीर तो लेथवर घडवितो. या दोघांना जोडणारा दुवा म्हणजे डिप्लोमाधारक तंत्रज्ञ. ड्रॉइंग वाचणे, कामाचा क्रम ठरविणे, तयार भाग मोजणे आणि तो नापास झाला तर कारण शोधणे, ही त्याची कामे.

एक उदाहरण पाहू. २५ मि.मी. व्यासाच्या भोकात फिरणारा दांडा बसवायचा आहे. ड्रॉइंगवर भोकासाठी ‘एच ७’ आणि दांड्यासाठी ‘जी ६’ असे लिहिलेले असते. याचा अर्थ, भोक २५.००० ते २५.०२१ मि.मी. आणि दांडा २४.९८० ते २४.९९३ मि.मी. या मर्यादेतच हवा. दांडा जाड झाला तर अडकेल, बारीक झाला तर खडखडेल. आता गंमत अशी की, दांड्याला मिळालेली सूट अवघी ०.०१३ मि.मी. आणि नेहमीच्या व्हर्निअर कॅलिपरचे लघुत्तम माप ०.०२ मि.मी.! म्हणजे येथे व्हर्निअर अपुरा पडतो. मायक्रोमीटर घ्यावा लागतो आणि एकसारखे शेकडो दांडे तपासायचे असतील तर ‘गो–नोगो’ गेज वापरतात. कोणत्या कामाला कोणते साधन, हे कळणे म्हणजेच तंत्रज्ञान.

विद्यार्थी मित्रांनो, हे ज्ञान पुस्तक पाठ करून येत नाही. वर्कशॉपमधला जॉब दुसऱ्याकडून घासून घ्यायचा, मित्राचे जर्नल रात्रीतून उतरवून काढायचे आणि सबमिशनची सही मिळवायची, ही सवय अनेकांना लागते. सही मिळते, पण मुलाखतीत समोरच्याने हातात मायक्रोमीटर ठेवून ‘माप सांगा’ म्हटले की तिथे मित्राचे जर्नल उपयोगी पडत नाही. आजचे सीएनसी यंत्र संगणकाच्या आज्ञेवर चालते हे खरे. पण आज्ञा चुकली की नाही, हे शेवटी मोजणाऱ्यालाच कळते.

पालकांनी एक गोष्ट अवश्य ध्यानात घ्यावी. या शिक्षणाची शिडी कुठेही तुटत नाही. आयटीआयमध्ये फिटर, टर्नर किंवा मशिनिस्ट हा दोन वर्षांचा ट्रेड पूर्ण केलेल्यास डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षास प्रवेश घेता येतो. दहावीनंतरचा डिप्लोमा तीन वर्षांचा. त्यानंतर पदवीच्याही थेट दुसऱ्या वर्षास प्रवेशाची सोय आहे. नोकरी आधी हवी असेल तर १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यानुसार कारखान्यात विद्यावेतनावर अनुभव घेता येतो.

पैशाअभावी शिक्षण सोडू नये. पात्र विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळते; त्यासाठी जातीचा व उत्पन्नाचा दाखला निकालाआधीच काढून ठेवावा. बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्ज योजनेत ७.५ लाख रुपयांपर्यंत तारण लागत नाही. पालक सहकर्जदार असावे लागतात. परतफेड साधारणतः अभ्यासक्रम संपल्यावर एका वर्षाने सुरू होते. मात्र त्या काळातही व्याज चढत असते, हे विसरू नये.

हाताने काम करणारा कमी आणि कागदावर काम करणारा मोठा, हा भेद या क्षेत्रात टिकत नाही. येथे ज्याचे माप बरोबर, त्याच्याच शब्दाला किंमत. आपल्या मुलामुलींनी ते माप स्वतःच्या हाताने घ्यावे, एवढीच आमची अपेक्षा.