करंडक एकाकडे, विजेतेपद दुसऱ्याकडे

एप्रिल २०२५च्या अखेरीस गोव्याच्या चर्चिल ब्रदर्स संघाला आय-लीग फुटबॉल स्पर्धेचा करंडक प्रदान करण्यात आला. त्यानंतर तीन महिनेही उलटले नाहीत, तोच १८ जुलै रोजी आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने वाराणसीच्या इंटर काशी संघाला त्याच स्पर्धेचा विजेता ठरविले. अशा वेळी, ज्याने करंडक उंचावला त्या संघाने स्वतःला राष्ट्रीय विजेता म्हणवून घ्यावे काय?

हा वाद मुळात तिसऱ्याच संघामुळे उद्भवला. १३ जानेवारी २०२५ रोजी नामधारी एफसीने इंटर काशीवर २-० अशी मात केली. मात्र पिवळ्या कार्डांमुळे निलंबित असलेला एक खेळाडू नामधारीने त्या सामन्यात उतरविला होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने इंटर काशीला विजयी घोषित केले, तर अपील समितीने तो निर्णय फिरविला. साखळी संपली तेव्हा चर्चिलचे ४० आणि इंटर काशीचे ३९ गुण होते. म्हणजे या एका सामन्याच्या तीन गुणांवर अजिंक्यपद आणि त्याबरोबर इंडियन सुपर लीगमधील बढतीही अवलंबून होती. प्रकरण स्वित्झर्लंडमधील लवादापुढे असतानाच करंडक दिला गेला आणि गुंता वाढला. पुढे लवादाने ते तीन गुण इंटर काशीला दिले. खेळाडूंच्या नोंदणीविषयीचा दुसरा वादही त्याच संघाच्या बाजूने सुटला आणि त्यांचे ४२ गुण कायम झाले.

गोव्यातील चाहत्यांची हळहळ समजण्याजोगी आहे. ज्या सामन्यावरून वाद झाला, त्यात चर्चिलचे खेळाडू मैदानात नव्हतेच. त्यांनी आपले ४० गुण घाम गाळूनच मिळविले होते. ‘मैदानावर हरलेल्या संघाला कागदावर जिंकविले’ असा सूर अशा वेळी निघतोच. परंतु निलंबनाचा नियम हा खेळाबाहेरचा कागद नव्हे, तो खेळाचाच भाग आहे. निलंबित खेळाडू खेळूनही निकाल तसाच राहणार असेल, तर पंचाच्या खिशातील पिवळ्या कार्डाला अर्थच उरणार नाही.

अमेरिकेतील महाविद्यालयीन फुटबॉलची कथा याहून निराळी आहे. (हे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा खेळ.) तेथील अव्वल श्रेणीत महाविद्यालयीन क्रीडा संघटना स्वतः राष्ट्रीय अजिंक्यपद देतच नाही. अनेक दशके पत्रकारांचे व प्रशिक्षकांचे मतदान किंवा गणिती क्रमवारी यांवरच विजेते ठरत. परिणामी दाव्यांना ऊत आला. अलाबामा विद्यापीठ १९४१चे विजेतेपद आपल्या नावे लावते; त्या वर्षी त्यांनी दोन सामने गमावले होते आणि पत्रकारांच्या क्रमवारीत ते विसाव्या स्थानी होते! उलट २०१७च्या हंगामात सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाने तेराही सामने जिंकले, तरी चार संघांच्या बाद फेरीत त्यांना प्रवेश मिळाला नाही. त्यांनी स्वतःलाच विजेते घोषित करून मिरवणूक काढली. एका गणिती क्रमवारीने त्यांना पहिले स्थान दिले होते, एवढाच त्यांचा आधार. तरीही त्यांचा दावा अलाबामाच्या दाव्यापेक्षा अधिक सच्चा वाटतो. कारण त्यांना कोणी हरविले नव्हते आणि किताबाच्या लढतीची संधीच नाकारण्यात आली होती.

आपल्याकडेही किताबांची अशी दुफळी झालेली आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये कुस्ती संघटनांच्या वादातून ‘महाराष्ट्र केसरी’ स्पर्धा दोनदा झाली. पुण्याजवळ फुलगाव येथे सिकंदर शेखने शिवराज राक्षेला चीत केले. त्याच महिन्यात धाराशिवच्या आखाड्यात शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी ठरला. दोघांनीही कुस्ती मारूनच गदा मिळविली. दोष पैलवानांचा नव्हता, दोन चुली मांडणाऱ्यांचा होता.

या तीन प्रसंगांत दाव्याचे वजन सारखे नाही. अंतिम निर्णय देणारी यंत्रणाच नसेल, तर आधार सांगून केलेला दावा क्षम्य ठरतो. दोन यंत्रणा असतील, तर किताबासोबत स्पर्धेचे स्थळही सांगावे, म्हणजे दुसऱ्या विजेत्यावर अन्याय होत नाही. पण सर्वांनी आधीच मान्य केलेल्या एकाच यंत्रणेने अखेरचा शब्द दिला असेल, तर करंडक कोणाच्या कपाटात आहे याला महत्त्व उरत नाही. चर्चिल ब्रदर्सचे प्रकरण या तिसऱ्या प्रकारात मोडते. म्हणून २०२५च्या विजेतेपदावर त्यांनी हक्क सांगू नये, हेच उचित.

त्यात कमीपणा काहीच नाही. २००८-०९ आणि २०१२-१३ अशी आय-लीगची दोन निर्विवाद विजेतेपदे या संघाच्या नावावर आहेत. त्यांच्या शेजारी एक वादग्रस्त तिसरे लावले, तर पाहणारा पहिल्या दोहोंकडेही संशयाने पाहू लागेल. ‘४० गुण, लवादाच्या निकालानंतर दुसरे स्थान’ ही नोंद खरी आहे आणि त्या खेळाडूंच्या कष्टांचा मान राखणारीही आहे. मात्र अपिले निकाली निघण्यापूर्वी करंडक कोणाच्याही हाती न देण्याचा धडा क्रीडा संघटनांनी घ्यायला हवा. दिलेला करंडक परत मागता येतो. त्या दिवशीचा आनंद खेळाडूंनी परत कसा करायचा?