महालक्ष्म्यांची पंगत आणि मधुमेही पाहुणा

महालक्ष्म्यांच्या जेवणाला आपल्याकडे घड्याळ नसते. सोळा भाज्या चिरून, पुरण वाटून, आंबील, कढी, कटाची आमटी होऊन आरती आणि नैवेद्य आटोपेपर्यंत दुपारचे तीन सहज वाजतात. काही घरी तर दिवेलागण होते. धडधाकट माणसाचे त्यात काही बिघडत नाही. पण त्याच पंगतीत मधुमेहाची गोळी घेणारे आजोबा असतात, त्यांचे काय?

"डॉक्टर, एक पुरणपोळी चालेल का?" असे सणाच्या आधी पुष्कळजण विचारतात. जेवायला किती वाजतील, हे मात्र कोणी सांगत नाही. मला खरी काळजी त्याची वाटते.

काही वर्षांपूर्वी महालक्ष्म्यांच्या दिवशी एका सेवानिवृत्त गृहस्थांना रिक्षातून दवाखान्यात आणले. सकाळी नेहमीची गोळी घेतलेली. नैवेद्याआधी खायचे नाही म्हणून पोटात फक्त बिनसाखरेचा चहा. अडीचच्या सुमारास दरदरून घाम सुटला, हात थरथरू लागले, बोलणे असंबद्ध झाले. उकाड्याने होत असेल असे घरच्यांना वाटले. रक्तातील साखर निघाली 46. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर भानावर आले आणि पहिला प्रश्न केला, "नैवेद्य झाला का?"

ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेतल्यावर जेवण लांबले तर साखर 70 च्या खाली उतरू शकते. नुसत्या मेटफॉर्मिनने असे क्वचितच होते. म्हणून आपली गोळी कोणती हे दोन दिवस आधी डॉक्टरांना दाखवून विचारावे. मनानेच गोळी बंद करणे हाही धोकाच. घाम, थरथर, धडधड किंवा अकारण चिडचिड दिसली, तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा द्यावी आणि मग पोटभर खाऊ घालावे. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही न ओतता थेट दवाखाना गाठावा.

लहान मुलांना नैवेद्याआधी भरवण्यात आपण दोष मानत नाही. मग गोळी घेणाऱ्या वडीलधाऱ्यांना वेळेवर अर्धी भाकरी द्यायला काय हरकत आहे?

आता पोळीविषयी. पुरणात हरभऱ्याची डाळ असते हे खरे, पण गुळाने साखर वाढत नाही हा गैरसमज आहे. पानावर भाजी, कोशिंबीर, कढी आधी संपवावी. पोळी मागून, एक किंवा अर्धी, आणि त्या प्रमाणात भात कमी. खरी अडचण आग्रहाची! पानावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून तूप सोडणाऱ्या काकू प्रत्येक घरात असतात. वाढणाऱ्यांना आधीच सांगून ठेवावे आणि आग्रह करायचाच तर भाजीचा करावा. पथ्याच्या माणसाला वेगळे ताट देऊन आतल्या खोलीत मात्र बसवू नये. त्याला पंगतीतच पान मांडावे.

ते गृहस्थ पुढच्या वर्षी बारा वाजता भाजी-भाकरी खाऊन पूजेला बसले. पंगतीत अर्धी पोळी घेतली, सोळा भाज्यांची भाजी मात्र दोनदा मागून घेतली, असे त्यांच्या सूनबाईंनी आवर्जून येऊन सांगितले.