सोंग कशासाठी? : 'सम लाइक इट हॉट' आणि 'अशी ही बनवाबनवी'

आज दोन सिनेमे शेजारी ठेवून आपण एकच प्रश्न विचारू या. विनोदी प्रेमकथेत माणूस सोंग घेतो, ते कशापायी?

पहिला सिनेमा बिली वाइल्डरचा 'सम लाइक इट हॉट', १९५९ सालचा. गोष्ट १९२९ची, शिकागोतली. जो आणि जेरी हे दोन कफल्लक वादक. टोळीवाल्यांनी केलेलं हत्याकांड त्यांच्या डोळ्यांदेखत होतं. पुढचा नंबर यांचाच! म्हणून बायकांचे कपडे घालून ते बायकांच्या बँडमध्ये शिरतात आणि फ्लोरिडाची गाडी पकडतात. त्या बँडमध्ये शुगर, म्हणजे मेरिलिन मन्रो. जो तिच्या प्रेमात पडतो. आता पंचाईत बघा. प्रेम सांगावं तर सोंग उतरवावं लागतं, सोंग उतरवावं तर जीव जातो. मग तो कोट्यधीशाचं दुसरं सोंग घेतो!

दुसरा सिनेमा आपला, १९८८चा. दिग्दर्शक सचिन पिळगांवकर, संवाद वसंत सबनीसांचे. याचं मूळ वाइल्डरकडे नाही, हृषीकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान'मध्ये (१९६६) आहे. पुण्यात चार तरुणांना खोली हवी. लीलाबाई काळभोर जागा देणार फक्त जोडप्यांना. झालं, परशुरामाची पार्वती झाली आणि सुधीरची सुधा.

आता आपण झाडीपट्टीतली माणसं. दंडारीत पुरुषानं लुगडं नेसलेलं आपण पाहिलेलं आहे. नुसत्या लुगड्यावर आपण एकदा हसू, दोनदा हसू. पण हे सिनेमे शेवटपर्यंत हसवतात, कारण सोंगामागे अडचण खरी आहे. कसोटी लावून बघा. टोळीवाले काढून टाका, जो पाच मिनिटांत केसांचा टोप फेकून देईल. विनाअट खोली मिळू द्या, 'बनवाबनवी' मध्यंतराआधीच संपेल.

दोन्हींत एक फरक मात्र आम्हाला मोलाचा वाटतो. तिकडे भीती बंदुकीची, आणि बंदुकीपासून पळता येतं. इकडे घरमालकीण या 'सुनां'ना जीव लावते. पार्वतीला दिवस गेल्याची बातमी पसरते, डोहाळजेवण रंगतं. जितकी माया वाढते, तितकं खरं बोलणं अवघड होतं. आपण पोट धरून हसतो, आणि त्या बाईंचं काय होणार ही धाकधूकही मनात असते.

तो सिनेमा ज्या वर्षी आला, त्याच वर्षी, २२ एप्रिल १९८८ला, राजीव गांधींनी इथल्या धरणाची पायाभरणी केली. पुढे वैनगंगेकाठची गावं उठली, माणसं नव्या ठिकाणी गेली. डोक्यावर छप्पर नसणं म्हणजे काय, हे गोसीखुर्दात आम्ही सांगायला नको. म्हणूनच धनंजय मान्यांची धडपड इथल्या माणसाला जास्त कळावी. घरासाठी माणूस काय काय करतो, हे त्यानं पाहिलेलं असतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.